तुटलेले जंगल आणि आक्रसणारे कूळ



जंगलात प्राणी किती उरले, एवढेच आपण विचारतो. ते एकमेकांपर्यंत पोहोचू शकतात काय, हा प्रश्न राहून जातो. आज आम्ही त्याविषयीच चार शब्द बोलणार आहोत.

आसामच्या जोरहाट जिल्ह्यात होलोंगापार हे सुमारे २१ चौरस किलोमीटरचे जंगल आहे. १९९७ साली ते अभयारण्य झाले. भोवती चहाचे मळे व वस्ती, आणि मधून ब्रिटिश काळात टाकलेला रेल्वेमार्ग. येथे हुलॉक गिबन राहतो. हा लांब हातांचा, बिनशेपटीचा कपी फांद्यांना लोंबकळत झाडांवरूनच फिरतो. आपल्याला रुळांची रुंदी ती केवढी! पण फांदीला फांदी भिडत नसेल, तर त्याला ती नदीसारखीच.

पहिला फटका आरोग्याला बसतो. लहान तुकड्यात फळझाडे मोजकीच. फळे सरली की पाल्यावर भागवावे लागते. खाली उतरावे तर कुत्र्यांचे भय, आणि माणसांच्या व गुरांच्या घाणीतून जंतांची लागण.

दुसरा घाव डोळ्यांना दिसत नाही. गिबन जोडीने राहतो. मादीला दोन-तीन वर्षांनी एकच पिल्लू होते. वयात आलेले पिल्लू कुटुंब सोडून जोडीदार शोधू लागते. वाट तुटली तर जोडीदार मिळत नाही, किंवा मिळतो तो नात्यातला. प्रत्येक जीवात काही सदोष जनुके दबून असतात. आईबाप नात्यातले असले, की तोच दोष दोघांकडून पिल्लात येण्याचा संभव वाढतो. शिवाय, मिसळलेल्या कडधान्यातून चिमूटभर उचलले तर एखादे धान्य हाती येतच नाही. तसे लहान समूहात काही गुण निव्वळ योगायोगाने नाहीसे होतात. मग नवा रोग आल्यास त्याला तोंड देणारा गुण कोणापाशीच उरलेला नसतो.

यावर उपाय आहे. चीनच्या हैनान बेटावर दुसऱ्या जातीचे गिबन आहेत. १९७० च्या दशकात ते जेमतेम दहाच्या आसपास उरले होते. रक्षणामुळे आज चाळीसच्या वर गेले आहेत. २०१४ च्या वादळाने तेथील झाडांची वाट तुटली. २०१५ च्या अखेरीस संशोधकांनी झाडाला झाड दोरांनी जोडले. सुमारे सहा महिन्यांनी गिबन त्यावरून जाऊ लागले.

मित्रहो, तुकडा राखणे पुरेसे नाही, तो जोडलाही पाहिजे. रुळांच्या दोन्ही कडांना लावलेली झाडे उद्या फांद्यांनी भेटतील, तेव्हाच दोन कुटुंबे भेटतील. संख्या विचाराल तेव्हा वाटही विचारा, एवढीच आमची विनंती.