पडद्यावरील वर्ग आणि विद्यार्थ्याचा सहभाग

विद्यापीठाचा वर्ग पडद्यावर नेण्याची कल्पना आपल्या देशाला नवी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८४ रोजी दूरदर्शनवरून सुरू झाला. आडगावच्या विद्यार्थ्यालाही जाणत्या प्राध्यापकांचे व्याख्यान ऐकता येऊ लागले, ही सोय लहान नव्हती. मात्र तो विद्यार्थी प्राध्यापकांना दिसत नसे. त्याची शंका त्याच्यापाशीच राही.

ही उणीव इंटरनेटमुळे भरून निघण्याची शक्यता निर्माण झाली. मुंबईच्या आयआयटीने केंद्र शासनाच्या अभियानाखाली देशभरातील अध्यापकांसाठी ज्या कार्यशाळा घेतल्या, त्यांत अमृता विद्यापीठाने विकसित केलेली ‘ए-व्ह्यू’ ही आज्ञावली वापरली गेली. दूरच्या केंद्रावरील अध्यापकाला पडद्यावर बोलावून घ्यावे, त्याचा प्रश्न सर्व केंद्रांनी ऐकावा आणि व्याख्यात्याने तेथल्या तेथे उत्तर द्यावे, अशी ती व्यवस्था होती.

२०२० साली कोविडच्या साथीने महाविद्यालये बंद झाली आणि अपवादाने चालणारी ही पद्धत सार्वत्रिक झाली. घाईत जी साधने हाती आली ती बहुतांशी कचेऱ्यांच्या बैठकांसाठी घडविलेली होती. बैठकीला येणारी माणसे कामानिमित्त एकमेकांना ओळखतात. वर्गात साठ-सत्तर विद्यार्थी असतात आणि त्यांतील अनेकांना बोलण्याचा संकोच असतो. परिणामी प्राध्यापकांसमोर नावे लिहिलेल्या काळ्या चौकटींच्या रांगा उरल्या. कॅमेरा सक्तीने सुरू ठेवायला लावणे हा त्यावर काहींना सुचलेला उपाय होता. तो फारसा विचारपूर्वक नव्हता. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत विद्यार्थ्यांनी कॅमेरा बंद ठेवण्याची कारणे सांगितली. आपल्या दिसण्याविषयीचा संकोच, मागे दिसणारे घर व घरची माणसे, आणि इंटरनेटची क्षीण जोडणी ही त्यांतील काही होत. एका खोलीत चार माणसे वावरणाऱ्या आपल्याकडील घरांना यातील एकही कारण परके वाटू नये. चेहरा दिसणे म्हणजे सहभाग, हे समीकरणच मुळात तपासून पाहावयास हवे.

वर्गासाठीच म्हणून घडविलेल्या आज्ञावल्यांकडे या दृष्टीने पाहणे उद्‌बोधक ठरते. कॅनडात ओटावा येथील कार्ल्टन विद्यापीठात २००७ मध्ये ‘बिगब्लूबटन’ या आज्ञावलीचा प्रारंभ झाला. एक मोठे निळे बटण दाबावे आणि वर्ग सुरू व्हावा, इतकी ती सोपी असावी, हा नावामागील विचार. ती मुक्त स्वरूपाची असल्याने कोणतीही संस्था स्वतःच्या संगणकावर बसवून ती वापरू शकते. तिच्या पडद्यावर मुख्य जागा फळ्याला दिलेली आहे. प्राध्यापकांनी परवानगी दिली की त्याच फळ्यावर विद्यार्थीही लिहू शकतात. भूमितीतील रचना किंवा रसायनशास्त्रातील समीकरण एकाने मांडावे व दुसऱ्याने दुरुस्त करावे, हे त्यामुळे शक्य होते. प्रश्नावर वर्गाचा कौल घेता येतो आणि निकाल आलेखरूपाने सर्वांना दिसतो. भर वर्गात चुकीचे उत्तर देण्याची भीती ज्याला वाटते, तोही येथे विनासंकोच उत्तर नोंदवितो. वर्गाचे लहान गट पाडून ठरावीक वेळेपुरते त्यांना वेगळ्या कक्षांत पाठविण्याची सोयही आहे. साठ जणांसमोर गप्प बसणारा विद्यार्थी चौघांत बोलू लागतो, हा कोणत्याही शिक्षकाचा अनुभव असतो. येथे तो आज्ञावलीच्या रचनेत उतरला आहे.

मिनर्व्हा या अमेरिकी संस्थेने वेगळी वाट धरली. तिचे पदवीचे विद्यार्थी २०१४ पासून निरनिराळ्या देशांतील शहरांत राहून शिकतात. हैदराबाद हे त्यांतील एक. वर्ग मात्र पडद्यावरच भरतो आणि त्यात वीसपेक्षा कमी विद्यार्थी असतात. कोण किती वेळ बोलला, हे तिच्या आज्ञावलीत प्राध्यापकांना रंगांवरून कळते. मागे राहिलेल्याला नेमके त्यामुळे विचारता येते. गजबजलेल्या प्रत्यक्ष वर्गातही ही गोष्ट सहजासहजी लक्षात येत नाही. अर्थात वीस विद्यार्थ्यांचा वर्ग किती विद्यापीठांना परवडेल, हा प्रश्न उरतोच.

आणखी एका गोष्टीचे भान आराखडा करणाऱ्यांनी ठेवणे अगत्याचे आहे. हार्वर्ड विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या वर्गांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतः उदाहरणे सोडविणाऱ्या विद्यार्थ्यांना चाचणीत अधिक गुण मिळाले. मात्र आपण कमी शिकलो, असे त्यांचे मत पडले. सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्यांना उलट वाटले. तेव्हा वर्ग आवडला का, एवढेच विचारून आज्ञावलीत फेरफार केल्यास ती करमणुकीकडे झुकण्याचा संभव आहे. पडद्यावर उडणारे फुगे आणि टाळ्यांची चित्रे यांनी क्षणभर गंमत येते, इतकेच.

या सर्व सोयींचा लाभ शेवटी विद्यार्थ्याच्या हातातील यंत्रावर अवलंबून आहे. ज्याच्याजवळ वडिलांचा मोबाइल आणि मोजका डेटा आहे, त्याच्यासाठी चलच्चित्र ही चैन होय. बिगब्लूबटनमध्ये इतरांची चित्रे बंद करून केवळ फळा व आवाज घेण्याची मुभा आहे. संस्थेने दूरध्वनी क्रमांक जोडून दिला असल्यास इंटरनेट खंडित झाल्यावरही विद्यार्थी साध्या फोनवरून वर्गात येऊ शकतो. फळा त्याला दिसत नाही. पण व्याख्यान ऐकू येते, आणि शून्याचे बटण दाबून आपला आवाज सुरू केला की त्याची शंका साऱ्या वर्गाला ऐकू जाते.