फिनलंडची शाळा आणि कोसबाडची टेकडी

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा सारांश)



फिनलंडच्या प्राथमिक शाळांविषयी बोलावे, अशी सूचना मला करण्यात आली. २००१ च्या डिसेंबरात ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीचे पहिले निकाल लागले. वाचनात फिनलंड पहिला आला. एकट्या मुंबईच्या निम्मीही लोकसंख्या नसलेला हा देश! तेव्हापासून जगभरचे शिक्षक, अधिकारी आणि मंत्री तेथील शाळा पाहण्यासाठी रांग लावू लागले.

पाहुण्याला तेथे काय दिसते? मुले बूट काढून मोज्यांवर वर्गात वावरतात. साधारण पंचेचाळीस मिनिटांचा तास झाला की पंधरा मिनिटे मैदानात, बाहेर बर्फ असले तरी. पहिलीत प्रवेश सातव्या वर्षी. शिवणकाम मुलांनाही, सुतारकाम मुलींनाही. दुपारचे गरम जेवण प्रत्येकाला मोफत, आणि तेही १९४८ पासून, म्हणजे देश युद्धाच्या झळांतून नुकता बाहेर पडत होता तेव्हापासून. प्राथमिक शिक्षकालाही पदव्युत्तर पदवी लागते. मात्र एकदा वर्गावर गेला की त्याच्या मागे तपासनीस लागत नाही. शाळातपासणीची पद्धत त्यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभीच मोडीत काढली.

हे सर्व तीन दिवसांच्या दौऱ्यात दिसते. दिसत नाही तो कायदा. पूर्वी तेथेही दहा-अकराव्या वर्षी मुलांची वाटणी होई. काही फी भरून पुढच्या शाळेत जात, बाकीची मागे राहत. १९६८ च्या कायद्याने सर्वांना एकच शाळा ठरली. तिचा प्रारंभ १९७२ मध्ये कोठून झाला? राजधानीतून नव्हे, तर उत्तर टोकाच्या दुर्गम लॅपलंडमधून! हेलसिंकीच्या भागाची पाळी १९७७ मध्ये, सर्वांत शेवटी आली. या शिक्षणासाठी फी घेता येत नाही, आणि नफ्यासाठी शाळा काढता येत नाही. त्यामुळे डॉक्टरचे मूल आणि बसचालकाचे मूल सहसा एकाच शाळेत जाते.

मित्रहो, मुलाला केंद्रस्थानी ठेवणारी शाळा आपल्याला परकी नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला काम सुरू केले. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथला. पुढे १९५७ मध्ये डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर हे काम गेले. वारल्यांची मुले गुरांमागे रानात जात, म्हणून कुरणातच शाळा भरविली. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटे भावंड असे; तिची शाळा बुडू नये म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. शंख-शिंपले, बिया, पाने हेच शिक्षणाचे साहित्य! मला विचाराल तर, ही कडेवरच्या भावंडाची सोय फिनलंडच्या कुठल्याही युक्तीपेक्षा श्रेष्ठ आहे.

मग फरक कोठे पडला? सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे १८८२ मध्ये केली, निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत. फिनलंडचा सक्तीचा कायदा १९२१ चा. आपल्या संविधानाच्या ४५ व्या कलमाने चौदा वर्षांपर्यंतच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत घातली होती. ती १९६० मध्ये संपली. कायदा अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी! ‘अंगणवाडी’ हे नाव १९७५ च्या सरकारी योजनेबरोबर देशभर गेले. कोसबाडची कळकळ मात्र त्याच वेगाने पोहोचली नाही.

फिनलंड म्हणजे स्वर्ग नव्हे. २००६ नंतर तेथील गुण घसरत गेले, २०२२ च्या चाचणीत तर गणितात फारच. परंतु गुण घसरले म्हणून त्यांनी मुलांची वाटणी पुन्हा सुरू केलेली नाही.

आपल्या नवी मुंबईचे पाहा. सिडकोने सेक्टर आखतानाच शाळांसाठी भूखंड राखले. तरी सकाळी एकाच इमारतीतील मुले वेगवेगळ्या शाळांच्या बसमध्ये चढतात, आणि त्याच इमारतीत धुणीभांडी करणाऱ्या बाईची मुलगी पालिकेच्या शाळेत चालत जाते. शिकलेल्या पालकांनी आपली मुले त्या शाळेतून काढली, तेव्हा अर्ज लिहिणारा, जाब विचारणारा पालकही तेथून गेला. शाळेचे खरे नुकसान त्याने झाले.

तेव्हा विद्यार्थी मित्रांना एक काम सांगतो. २००९ च्या त्याच कायद्यानुसार पालिकेच्या शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान पंचाहत्तर टक्के सभासद पालक, आणि निम्म्या महिला हव्यात. आपल्या वस्तीतील किती आयांना हे ठाऊक आहे? घरोघर जाऊन सांगा. सभा दुपारी ठेवली तर कामावरची आई येणार कशी? म्हणून वेळ संध्याकाळची मागून घ्या. जिला वाचता येत नाही तिला मागील सभेचे इतिवृत्त वाचून दाखवा, आणि सही करण्यापूर्वी काय लिहिले आहे ते समजावून द्या. पुढील महिन्यापासून दर रविवारी या कामासाठी संस्थेची खोली उघडी ठेवावी, अशी मी अध्यक्षांना विनंती करतो. जयभीम.