ठरवणारा कोण?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला याच इमारतीत व्याकरण शिकविले. इंदुरात वाढलेली आम्ही मुले हिंदी वळणाचे मराठी बोलत असू आणि गुरुजी ते निमूटपणे ऐकून घेत. मात्र वाक्याचा कर्ता चुकला की त्यांना खपत नसे. कर्ता शोधण्याची त्यांची रीत आपणां सर्वांना पाठ असेल : धातूला ‘णारा’ लावा आणि ‘कोण’ म्हणून विचारा. आयुष्यभर मराठी शिकविलेली मी आज स्वायत्त यंत्रांविषयी बोलण्याचे धाडस करते आहे, ते या ‘णारा’च्याच बळावर.

माझी नात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीत ती तळहाताएवढी एक गाडी घेऊन घरी आली. पुढे प्रकाश जाणणारे दोन डोळे, मागे दोन मोटारी, दोन चाके. तिने खोलीतले दिवे मालवले आणि एक विजेरी लावून जमिनीवर ठेवली. गाडी उजेडाच्या बाजूने जाऊ लागताच एकाएकी वळली आणि पळत सुटली ती थेट कपाटाखाली. “अगं, घाबरली बिचारी!” मी म्हणाले. नात हसली. तिने गाडी उलटी करून दोन तारांची अदलाबदल केली. आता तीच गाडी उजेडाकडे वळली आणि वेग वाढवीत विजेरीवर जाऊन आदळली. “आता चिडली का गं ती, आजी?”

यातले मर्म साधे आहे. आधी ज्या डोळ्यावर उजेड अधिक, त्याच बाजूचे चाक जोरात फिरत होते, म्हणून गाडी उजेडाकडे पाठ फिरवी. तारा तिरक्या जोडल्या की पलीकडचे चाक वेग घेते आणि तोंड उजेडाकडे वळते. व्हॅलेंटिनो ब्रायटेनबर्ग या मेंदूशास्त्रज्ञाने १९८४ साली ‘व्हेइकल्स’ नावाच्या छोट्याशा पुस्तकात अशा गाड्या नुसत्या कल्पनेने रचल्या होत्या. उजेड वाढेल तशी मोटार मंदावेल अशी जोडणी केली, तर गाडी दिव्यासमोर येऊन शांत उभी राहते. त्याला तो प्रेम म्हणतो. त्याचे म्हणणे असे, की यंत्र रचून त्याची वागणूक पाहणे सोपे. परंतु नुसती वागणूक पाहून आतली रचना ओळखणे अवघड, आणि पाहणारा नेहमी आत असते त्याहून अधिक काही असल्याचे मानतो. गुरुजींनी आम्हांला याचे नाव सांगितले होते : चेतनगुणोक्ती अलंकार.

आता खरी यंत्रे पाहू. इंग्लंडातील ब्रिस्टल येथे ग्रे वॉल्टर या मेंदूच्या अभ्यासकाने १९४८-४९ च्या सुमारास दोन यांत्रिक कासवे तयार केली. नावे एल्मर आणि एल्सी. आपल्या देवळातले कासव जागचे हलत नाही. ही खोलीभर फिरत. तीन चाके, प्रकाश टिपणारा एक डोळा, धक्का कळावा म्हणून एक स्पर्शकळ, आणि ‘मेंदू’ म्हणून फक्त दोन निर्वात नळ्या. मंद उजेड दिसला की कासव तिकडे जाई, फार प्रखर झाला की दूर होई, अडथळा लागला की ढकलून वा वळून वाट काढी. बॅटरी उतरली की प्रखर उजेडाचा तिटकारा मावळे आणि ते दिवा लावलेल्या आपल्या घरट्यात शिरे. तिथे वीज भरून घेण्याची सोय होती. कासवाच्या अंगावर एक लहान दिवा असे. आरशासमोर नेले, की त्याला स्वतःचाच दिवा दिसे. उजेड दिसताच आतल्या जोडणीमुळे तो दिवा विझे. विझला म्हणून शोध पुन्हा सुरू, आणि दिवा पुन्हा पेटे. असे ते आरशापुढे लुकलुकत, थबकत नाचे. हेच एखाद्या प्राण्याने केले असते तर त्याला थोडीशी आत्मजाणीव आहे असे आपण म्हटले असते, असे वॉल्टरने लिहिले आहे. वॉल्टरचे हे वाक्य मला फार प्रामाणिक वाटते.

पुढचा इतिहास मी थोडक्यात आटोपते. १९६६ ते १९७२ या काळात कॅलिफोर्नियात ‘शेकी’ नावाचे यंत्र झाले. ते आधी सगळ्या खोलीचा नकाशा मनात (पाहा, मीही ‘मनात’ म्हणाले!) रचून, बेत आखून, मगच हले, त्यामुळे फार सावकाश चाले. १९८६ मध्ये रॉडनी ब्रुक्सने उलट वाट धरली : नकाशा नको, समोर जग आहेच, त्याच्याशी थेट व्यवहार करा, साध्या सवयींचे थर एकावर एक रचा. त्याच परंपरेतून २००२ साली फरशी झाडणारी चकती बाजारात आली. बुद्धिबळात मात्र १९९७ सालीच यंत्राने जगज्जेत्याला हरविले होते. रांगत्या मुलाला जे सहज जमते, ते यंत्राला सर्वांत उशिरा जमते.

येथवर अलंकार निरुपद्रवी आहे. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील टेंपी या गावी तो तसा राहिला नाही. चाचणीसाठी रस्त्यावर आणलेल्या एका स्वायत्त मोटारीने, सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या स्त्रीला धडक दिली. ती मरण पावली. तिथल्या सरकारी चौकशीचा अहवाल २०१९ साली आला. यंत्राला ती ५.६ सेकंद आधी दिसली होती. मात्र ते तिला कधी वाहन, कधी ‘अन्य’, कधी सायकल अशी नावे देत राहिले. आणि प्रत्येक वेळी नाव बदलले की तिची आधीची वाटचाल हिशेबातून गळत होती. पादचारी ठरलेल्या जागेवाचून इतरत्रही रस्ता ओलांडतो, ही शक्यता त्या रचनेत धरलेलीच नव्हती. मोटारीच्या मूळ निर्मात्याने दिलेली आपोआप ब्रेक लावण्याची सोय चाचणीच्या वेळी बंद असे. देखरेखीस बसलेल्या चालक स्त्रीची नजर मोबाईलवर होती. २०२३ साली तिने न्यायालयात दोष कबूल केला. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही.

आपण मराठीत सहज म्हणू, ‘गाडीने बाईला उडविले.’ शालेय व्याकरणात हा भावे प्रयोग. येथे क्रियापद कर्त्याशी जुळत नाही, कर्माशीही नाही. नपुंसकलिंगी एकवचनात एकटेच उभे राहते. चाळीस वर्षे हा प्रयोग शिकविताना मला त्यात काही खटकले नव्हते. तो अहवाल नातीने मला वाचून दाखविला, त्या दिवसापासून खटकते. ‘गाडीने ठरविले’ म्हणताना एक माणूस तरी वाक्यातून बाहेर पडतो, आणि पुष्कळदा तो पगार घेऊन ठरविणारा असतो. वाक्यात उरली ती फक्त गाडीत बसलेली चालक.

नातीने आपल्या गाडीचा अहवाल महाविद्यालयात द्यावयाचा होता. त्यात तिने ठिकठिकाणी ‘यंत्र निर्णय घेते’ असे लिहिले होते. मी गुरुजींचा प्रश्न विचारला, “घेणारा कोण?” तिने बराच वेळ विचार केला. “मी,” ती म्हणाली, मग, “नाही, आम्ही चौघी. आणि अर्धी आज्ञावली आम्ही दुसऱ्यांची उचललेली आहे, त्यांना आम्ही ओळखतही नाही.”

“मग ‘णारे’ लाव,” मी म्हटले, “आणि सगळ्यांची नावे लिही.” ती रात्री उशिरापर्यंत ती नावे शोधत बसली होती.