शेवटचा घास त्याचा त्याला नेऊ द्या
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतलं बोलणं)

आज कर्जाचा विषय नाही, तेव्हा पासबुकं पिशवीतच असू द्या.

ज्यांच्या घरी उशिरा बसलेलं, अजून न चालणारं लेकरू आहे, त्या मला एकच विचारतात, "थेरपीनं किती दिवसांत बरं होईल?" सरळ सांगते, सेरेब्रल पाल्सी पूर्ण बरी होत नाही. पण बरं होणं वेगळं आणि स्वतःचं स्वतः करता येणं वेगळं. थेरपी असते ती या दुसऱ्यासाठी. फिजिओथेरपीत बसणं, उभं राहणं, चालणं. ऑक्युपेशनल थेरपीत जेवण, कपडे, संडास ही रोजची कामं. स्पीच थेरपीत बोलणं, आणि घास गिळायला त्रास असेल तर तोही तिथंच बघतात.

पण केंद्रावर वेळ थोडाच मिळतो, बाकी सगळा दिवस घरचा. जेवणाचंच घ्या. आडवं झोपवून भरवू नका, ठसका लागतो. भिंतीच्या कोपऱ्यात पाठ टेकवून सरळ बसवा. ताटलीखाली ओलं फडकं ठेवा, सरकत नाही. चमच्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळा, मूठ नीट बसते. त्याच्या हातावर तुमचा हात ठेवून चमचा न्या आणि तोंडाजवळ आला की सोडा. तेवढं जमलं की पुढच्या वेळी जरा आधी सोडा. चड्डीचंही तसंच, कमरेजवळ आणून द्या, शेवटचं ओढणं त्याचं.

सांडेल, वेळ लागेल. सकाळी कामावर जायची घाई मला दिसते, म्हणून रात्रीचं एक जेवण तरी असं करा. आज्जी म्हणतील, लेकराचे हाल कशाला? भरवण्यात माया आहेच हो. पण पोरगी उद्या मोठी होईल, पाळी येईल. तेव्हा सगळं दुसऱ्याच्या हातून करून घ्यायची वेळ तिच्यावर का यावी?

आता खर्चाचं. अंगणवाडीत, शाळेत तपासणीला डॉक्टर येतात ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे. २०१३ पासून आहे हा, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. त्यांच्याकडून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी घ्या, उपचार मोफत आहेत. लोक काय म्हणतील म्हणून त्या दिवशी लेकराला घरात ठेवू नका.

अडतं ते एसटीच्या भाड्यापाशी आणि बुडालेल्या मजुरीपाशी. पुढच्या बैठकीत अशा लेकरांच्या आयांना बोलवा. भाड्यासाठी गटातून किती द्यायचे आणि सोबत कोण जाणार, हे त्याच दिवशी ठराव वहीत लिहून घेऊ.