राहिलेलं शिक्षण आणि नऊ परीक्षा

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

 

मला इथं बोलवताना ताईंनी सांगितलं होतं, की अमेरिकेत तुम्ही घरी बसून परीक्षा दिल्या आणि पदवी घेतली, ते मुलांना सांगा. ऐकायला हे फार सोपं वाटतं. घरी बसून अभ्यास केला हे खरं आहे. पण पदवी काही घरी बसून मिळाली नाही, आणि सगळ्या परीक्षा पहिल्या झटक्यात सुटल्या असंही नाही. म्हणून जसं झालं तसंच सांगते.

मी चिपळूण तालुक्यातली. शाळा मराठी माध्यमाची. 2002 साली बारावी कॉमर्स झाले आणि एफवायबीकॉमला प्रवेश घेतला. त्याच वर्षी अब्बा आजारी पडले. मी घरात थोरली. वर्ग बुडत गेले आणि वार्षिक परीक्षेला बसलेच नाही. पुढच्या वर्षी बसू म्हणता म्हणता निकाह झाला, आणि 2007 मध्ये मी नवऱ्याबरोबर न्यू जर्सीला गेले.

तिथं एका बालवाडीत मदतनीस म्हणून कामाला लागले. मुलांना जेवण भरवायचं, हात धुवायला लावायचं, झोपवायचं, रडलं तर कडेवर घ्यायचं. दहा वर्षं हेच काम केलं. या काळात तीन नव्या शिक्षिका आल्या. वर्ग कसा सांभाळायचा, कोणतं मूल कशानं चिडतं, हे त्या मला विचारायच्या. पगार मात्र त्यांचा माझ्या जवळजवळ दुप्पट. तिथं सरकारी पैशावर चालणाऱ्या बालवर्गात शिक्षिका व्हायचं असेल तर पदवी लागते, आणि माझ्याकडं फक्त बारावी होती. तेव्हा मी 34 वर्षांची होते, मुलगी सातवीत.

पदवीची चौकशी केली तेव्हा कळलं, की तिकडं पदवी क्रेडिटमध्ये मोजतात. एक विषय साधारण तीन क्रेडिटचा आणि चार वर्षांची पदवी 120 क्रेडिटची. नोकरी आणि घर सांभाळून संध्याकाळी दोन-दोन विषय घेतले असते तर आठ-दहा वर्षं सहज गेली असती. फी वेगळीच.

तेव्हा एका समुपदेशक बाईंनी मला क्लेपबद्दल सांगितलं. पूर्ण नाव कॉलेज लेव्हल एक्झामिनेशन प्रोग्रॅम. सॅट परीक्षा घेणारा कॉलेज बोर्डच ही परीक्षाही घेतो, 1967 पासून. 34 विषय आहेत. विषय तुम्ही कुठं शिकलात, कुणाकडून शिकलात, हे कुणी विचारत नाही. केंद्रावर जायचं, संगणकावर साधारण दीड तासाची परीक्षा द्यायची. गुण 20 ते 80 या मापात मिळतात. बहुतेक कॉलेजं 50 ला पास धरतात आणि त्या विषयाची क्रेडिट देतात. फी साधारण शंभर डॉलरच्या आसपास, केंद्राची फी निराळी. त्याच विषयाचा वर्ग लावला तर याच्या कितीतरी पट पैसे जातात.

मी खूश झाले. त्याच आठवड्यात समाजशास्त्राचं पुस्तक आणलं, दोन महिने वाचलं, परीक्षा दिली, पास झाले. निकालाचा कागद घेऊन घराजवळच्या कॉलेजात गेले. ते म्हणाले, आमच्याकडं या विषयाची क्रेडिट मिळत नाही. नाव घेत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. नियम त्यांच्या माहितीपुस्तकात छापलेला होता. मी तो परीक्षेनंतर वाचला.

पहिला धडा इथंच मिळाला. पुस्तक आणण्याआधी कॉलेजला चार प्रश्न विचारायचे. या परीक्षेची क्रेडिट देता का? किती गुण लागतात? ती माझ्या पदवीतल्या नेमक्या कोणत्या विषयाच्या जागी बसेल? आणि परीक्षेतून जास्तीत जास्त किती क्रेडिट घेता? उत्तर लेखी मागायचं, ईमेलवर. तोंडी 'चालेल हो' वर विसंबायचं नाही. नंतर मी असं कॉलेज निवडलं जिथं नोकरी करणारी मोठी माणसंच जास्त होती. तिथं समाजशास्त्रही धरलं गेलं.

आता नापास झाले त्याबद्दल. विषय होता अमेरिकेचा इतिहास, भाग पहिला. आपल्याला शिवाजी महाराज माहीत, 1857 माहीत. तिकडचा इतिहास मला कोराच. जाड पुस्तक घेतलं आणि पहिल्या पानापासून सुरू केलं. रोज रात्री इशानंतर दीड तास. पिवळ्या पेनानं ओळी रंगवायच्या. वसाहती कशा वसल्या, चहावरचा कर, स्वातंत्र्ययुद्ध, सगळं आवडीनं वाचलं. पुढं पुढं वेळ कमी पडत गेला, तसं नुसतं चाळलं. पण पान उघडलं की सगळं ओळखीचं वाटायचं. म्हटलं, येतंय.

परीक्षेत 90 मिनिटांत 120 प्रश्न. म्हणजे एका प्रश्नाला 45 सेकंद. पाच पर्याय डोळ्यांसमोर नाचायचे आणि पाचही ओळखीचे वाटायचे. संपल्यावर पडद्यावर लगेच आकडा आला, 46.

नियमाप्रमाणं त्याच विषयाला पुन्हा बसायला तीन महिने थांबावं लागतं. ते तीन महिने जड गेले नाहीत. पहिले अकरा दिवस जड गेले, कारण मी घरात कुणाला सांगितलंच नाही. निकाल यायचाय म्हणाले. मुलीला रोज सांगणारी मी, की मार्क लपवू नको. बाराव्या दिवशी तिनंच माझ्या पर्समधला कागद बघितला. काही बोलली नाही. फक्त विचारलं, "अम्मी, तुझा अभ्यास कोण घेतं?"

कोणीच घेत नव्हतं. वर्गात बसणाऱ्याला शिक्षक मधेच प्रश्न विचारतो, चाचणी घेतो, त्यामुळं आपल्याला काय येत नाही ते आपोआप कळतं. एकट्यानं शिकणाऱ्याला हे सांगणारं कुणी नसतं. रंगवलेल्या ओळी बघून आपणच आपल्याला पास करून टाकतो.

तेव्हा मला माझा धाकटा भाऊ आठवला. तो मदरशात हिफ्ज करत होता. तुमच्यातल्या अनेकांच्या घरी कुणीतरी केलं असेल. नवा सबक रोज उस्तादांना ऐकवायचा आणि त्याबरोबर आमोख्ताही, म्हणजे मागचं पाठ केलेलंही. कालचं, गेल्या आठवड्यातलं, गेल्या महिन्यातलं. पुस्तक मिटलेलं. अडकला की उस्ताद तिथंच थांबवणार. घरी आला की मला समोर बसवून तो आमोख्ता ऐकवायचा. आपण म्हणतो, ही नुसती घोकंपट्टी. अर्थ समजून घेणं हे वेगळं काम आहेच. पण लक्षात ठेवण्याची ही पद्धत शेकडो वर्षं वापरून बघितलेली आहे.

पुढं मानसशास्त्राच्या अभ्यासात मला हेच पुन्हा भेटलं. रॉडिगर आणि कार्पिकी या दोघांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो एकदा वाचला आणि मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढं. आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढं. मी वर्षभर त्या पाच मिनिटांवर फसत आले होते.

मग मी पद्धत बदलली. एक, अभ्यासाला हात लावण्याआधीच सराव प्रश्नपत्रिका सोडवायची, कितीही चुकली तरी. त्यातून आपण कुठं उभे आहोत ते कळतं. दोन, अधिकृत अभ्यासक्रम बघायचा. त्यात कोणत्या भागाला किती टक्के वजन आहे ते दिलेलं असतं. इतिहासाचा बघितला आणि कपाळावर हात मारला. 1790 ते 1877 या काळाला सुमारे 70 टक्के प्रश्न, आणि मी महिनाभर घालवला होता त्याआधीच्या काळावर! तीन, प्रत्येक प्रकरण वाचून झालं की पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं. चार, रोज रात्री आमोख्ता. मुलगी कार्ड हातात धरून विचारायची, मी सांगायचे. अडकले की ती कार्ड वेगळं काढायची. ते तीन दिवसांनी पुन्हा. मला अडकलेली बघून तिला फार मजा यायची. पाच, शेवटचे दोन आठवडे घड्याळ लावून सराव. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

तीन महिन्यांनी तोच विषय पुन्हा दिला. 61.

आता माध्यमाबद्दल, कारण मराठी शाळेतल्या मुलांना याचीच भीती जास्त. बीजगणिताच्या परीक्षेला मी सर्वात घाबरले होते. पुस्तक उघडलं तर क्वाड्रॅटिक इक्वेशन. बघते तर काय, हे आपलं नववी-दहावीचं वर्गसमीकरण! पॉलिनॉमियल म्हणजे बहुपदी. रेशो म्हणजे गुणोत्तर. गणित येत होतं, नावं नवी होती. मी एक वही केली, डावीकडं इंग्रजी शब्द, उजवीकडं मराठी. पहिले तीन आठवडे फक्त ती वही. मराठीत शिकलेलं वाया जात नाही, त्याला दुसरं नाव चिकटवावं लागतं.

निबंधाची परीक्षा मात्र खरंच कठीण गेली. त्यात दोन निबंध असतात. एक 30 मिनिटांत स्वतःच्या मतावर, दुसरा 40 मिनिटांत दिलेले दोन उतारे वाचून, त्यांचा आधार देऊन. आणि सगळं टाइप करायचं. मी दोन बोटांनी टाइप करणारी. तेव्हा इंग्रजी सुधारण्याआधी दोन महिने टायपिंग शिकले. तयारी म्हणजे कधी कधी असलंही काम असतं.

आणि एक परीक्षा अशी, जिच्यासाठी मला सर्वात कमी वाचावं लागलं. मानवी वाढ आणि विकास. त्यात पियाजे नावाच्या शास्त्रज्ञाचं काम येतं. लहान मुलाला सारखाच रस एकदा पसरट पेल्यात दिला आणि एकदा उंच पेल्यात, तर त्याला उंच पेल्यात जास्त आहे असं वाटतं. हे वाचून मी हसत सुटले. आमच्याकडं चार वर्षांची मुलं उंच पेल्यावरून रोज भांडायची! दहा वर्षं मी जे बघत होते, त्याला पुस्तकात नाव होतं. ती परीक्षा पास झाले तेव्हा वाटलं, त्या दहा वर्षांचीही कुणीतरी नोंद घेतली.

एकूण नऊ परीक्षा, तीस क्रेडिट. म्हणजे पदवीचा चौथा हिस्सा. बाकीचे तीन हिस्से मी वर्गात बसून, काही ऑनलाइन, रीतसर केले. 2023 मध्ये पदवी मिळाली. आता त्याच बालवाडीत शिक्षिका आहे. पियाजेच्या प्रयोगाचं नाव परीक्षेनं शिकवलं, पण वर्ग कसा घ्यायचा ते शिक्षकांनी आणि सोबतच्या बायकांनी शिकवलं. म्हणून कॉलेजात जाता येत असेल तर जा, हे मी आधी सांगेन.

तुमच्यासाठी याचा उपयोग काय? क्लेप ही तिकडची व्यवस्था. पण वर्गाबाहेरून शिकणाऱ्याला इथंही दारं आहेत. दहावी-बारावीला 17 नंबरचा फॉर्म भरून बसता येतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात, म्हणजे एनआयओएसमध्ये, एकेक विषय सोडवत जाता येतं. पास झालेला विषय जमा राहतो आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे. ज्यांचं कॉलेज चालू आहे त्यांना स्वयम् वरचे काही कोर्स क्रेडिटसाठी धरता येतात. यूजीसीच्या 2021 च्या नियमानुसार एका सत्रात 40 टक्क्यांपर्यंत, पण तुमचं विद्यापीठ मान्य करत असेल तरच. तेव्हा तोच नियम: आधी विचारा, लेखी घ्या. आणि 'अनुभवावर घरबसल्या पदवी, फक्त पैसे भरा' असं कुणी म्हणालं तर तिथून निघा. यूजीसी बोगस विद्यापीठांची यादी जाहीर करते, ती आधी बघा. खऱ्या व्यवस्थेत परीक्षा द्यावीच लागते.

मगाशी चहाच्या वेळी एक मुलगी भेटली. बारावीत एक विषय राहिला, चार वर्षं झाली, आता काय उपयोग, म्हणाली. बेटा, मी पंधरा वर्षं हेच म्हणत होते. आज घरी गेल्यावर कपाटातली ती गुणपत्रिका बाहेर काढ. किती विषय राहिलेत ते मोज. आणि घरात एक माणूस शोध, बहीण असो, भाऊ असो, अम्मी असो, जी रोज रात्री दहा मिनिटं तुझा अभ्यास ऐकून घेईल. तिला विषय यायलाच हवा असं नाही. माझ्या मुलीला तरी कुठं येत होता?

आता तुमचे प्रश्न घेऊ या.