आपला श्वास आणि आपले स्वयंपाकघर



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी दिवसाकाठी वीस हजार वेळा आपण जे करतो, त्याविषयी चार शब्द बोलण्यास हरकत नसावी.

नाक हा श्वासाचा उंबरठा. तेथील केस आणि ओलावा धूळ अडवितात, हवा कोमट होते. घशात अन्नाची व हवेची वाट वेगळी होते. घास गिळताना श्वासनलिकेवर झाकण पडते. ते चुकले की ठसका! पुढे नलिकेला दोन फाटे फुटतात. उजव्या फुप्फुसाचे भाग तीन, डाव्याचे दोन. कारण डावीकडे हृदयाला जागा द्यावी लागते. फाट्यांना फाटे फुटत शेवटी द्राक्षांच्या घोसासारखे वायुकोश लागतात. ते ३० ते ५० कोटी असतात. सारे उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फूट जागा व्यापतील. त्यांच्या पातळ भिंतींतून प्राणवायू रक्तात उतरतो व कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो.

फुप्फुसे आपण होऊन हलत नाहीत. त्यांच्याखालचा स्नायूंचा पडदा खाली सरकतो, फासळ्या वर उचलतात आणि भात्यासारखी हवा आत येते. या पडद्याने आचका दिला की उचकी. मग कोणी आठवण काढो वा न काढो!

माझ्या सासूबाईंनी विडीला कधी हात लावला नाही. पण चाळीस वर्षे चूल आणि बंब पेटविला. पुढे एक जिना चढताना धाप लागे. "वय झाले" म्हणून त्या अंगावर काढीत राहिल्या. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावले व धुराने जडलेला आजार म्हणून सांगितले. नष्ट झालेले वायुकोश परत येत नाहीत.

आपल्या पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी लंडनच्या डॉ. पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत हेच मांडले. तेव्हा जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०० कोटी, तर चुलीसारख्या धुरात वावरणारे सुमारे ३०० कोटी होते!

आता गॅस आला, तरी फोडणीचा धूर आहे, डासांची अगरबत्ती आहे. म्हणून खिडकी उघडून फोडणी द्यावी, बंद खोलीत धूर करू नये. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर तपासून घ्यावे. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी मोफत होते. घरातील सर्वांची औषधे आपण वेळेवर देतो, आपला खोकला मात्र पदराआड दाबतो. तेवढे करू नका, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.