गोचीड भिंतीतही पाहा

भिवंडीत कामतघरला वऱ्हाळा तलावाजवळच्या वस्तीतून एक गृहस्थ आपला कुत्रा घेऊन माझ्याकडे आले होते. यंत्रमागाच्या गाळ्यावर राखणीला ठेवलेला साधा गावठी कुत्रा, नाव मोती. दोन दिवस जेवला नव्हता, अंगात ताप होता, कानात आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी होत्या. रक्त तपासलं, तर रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट पेशी फार कमी झाल्या होत्या. गोचिडीमुळे येणारा हा ताप, ज्याला सगळे 'टिक फीवर' म्हणतात. मी २८ दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. चौथ्या दिवशी मोती जेवू लागला. आठव्या दिवशी 'आता बरा झाला' म्हणून मालकांनी गोळ्या बंद केल्या. चार महिन्यांनी ते पुन्हा आले, तेव्हा मोतीचा घोळणा फुटला होता, रक्त थांबत नव्हतं आणि हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. मोती वाचला नाही.

पुढे त्यांनी नवं पिल्लू आणलं आणि मोतीच्याच जागी बांधलं. तीन आठवड्यांत त्याच्याही कानात गोचिडी दिसल्या. तेव्हा मी पहिल्यांदा तो गाळा पाहायला गेलो. गिलावा निघालेली विटांची भिंत, तिला टेकून चिंध्यांची बोचकी, खाली जुना गोणपाट. बॅटरी लावून पाहिलं, तर विटांच्या सांध्यांत टाचणीच्या डोक्याएवढ्या गोचिडी वर चढत होत्या. गोळ्या थांबवल्या ही मालकांची चूक. पण मोती कुठे बांधता, हे मी विचारलंच नव्हतं, ही चूक माझी.

आपल्याकडे कुत्र्यांवर सर्रास आढळते ती तपकिरी गोचीड. ती कायम कुत्र्याच्या अंगावर राहत नाही. अंड्यातून निघालेलं सहा पायांचं पिल्लू काही दिवस रक्त पितं आणि खाली पडतं. फटीत जाऊन कात टाकतं, आठ पायांचं होऊन पुन्हा कुत्र्यावर येतं, पुन्हा पडतं. पूर्ण वाढ झाल्यावर तिसऱ्यांदा चढतं. शेवटी वाटाण्याएवढी फुगलेली मादी खाली उतरते, फटीत एकदाच अंडी घालते आणि मरते. ही अंडी हजारांच्या घरात असतात, कधी चार हजारांपर्यंत. उपाशी गोचीड कित्येक महिने तग धरते. म्हणजे अंगावर दहा गोचिडी दिसल्या, तर आसपास किती असतील याचा विचार करा. कोकणपट्टीत गोचीड मरावी एवढी थंडी पडत नाही, त्यामुळे हा त्रास बारा महिन्यांचा.

आता रक्तातल्या परजीवींविषयी. एर्लिकिया हा जंतू पांढऱ्या पेशींत शिरतो. बबेसिया तांबड्या पेशींत वाढून त्या फोडतो, मग लघवी लालसर किंवा काळ्या चहासारखी होते. हा बबेसिया मादीच्या अंड्यांतून गोचिडीच्या पुढच्या पिढीतही उतरतो. तिसरा हेपॅटोझून. तो गोचीड चावल्यामुळे नव्हे, तर कुत्र्याने अंग चाटताना, चावताना गोचीड गिळली तर होतो.

हे रोग विलायती कुत्र्यांचे, गावठीला काही होत नाही, असं पुष्कळजण म्हणतात. तसं नाही. कुत्र्यातला हेपॅटोझून जगात पहिल्यांदा नोंदला गेला तो भारतातच, १९०५ साली. १९१० साली पॅटन यांनी मद्रासमध्ये शिकारी कुत्र्यांच्या आणि कोल्ह्याच्या रक्तात बबेसियाची एक जात शोधली. एर्लिकियाचं वर्णन १९३५ साली अल्जीरियात झालं. पुढे व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैन्याचे शंभराहून अधिक कुत्रे त्याने दगावले, त्यात जर्मन शेफर्ड फार होते. २०११ साली मुंबई, दिल्ली, सिक्कीम आणि लडाख इथल्या ५२५ कुत्र्यांच्या रक्ताची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात ३० टक्क्यांच्या आसपास कुत्र्यांत हेपॅटोझून आणि २० टक्क्यांच्या आसपास कुत्र्यांत एर्लिकिया सापडला. गावठी कुत्रा पुष्कळदा रोग अंगावर काढतो, म्हणून तो निरोगी वाटतो इतकंच.

मोतीचंही तेच झालं. एर्लिकियाचा पहिला ताप ओसरतो, कुत्रा खाऊ-खेळू लागतो, पण जंतू आत दबा धरून बसलेला असतो, कधी काही महिने, कधी काही वर्षं. तो पुन्हा उलटतो तेव्हा रक्त तयार करणारी अस्थिमज्जाच थकलेली असते. म्हणून डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या साधारण चार आठवडे द्याव्या लागतात. बबेसियाला वेगळं औषध लागतं, म्हणून अंदाजाने गोळ्या न देता आधी रक्त तपासून घ्या. आणि आपल्या घरातली तापाची, अंगदुखीची गोळी कुत्र्याला मुळीच देऊ नका. आधीच प्लेटलेट कमी, त्यात अशा काही गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होतो.

गोचीड काढताना चिमटा कातडीच्या अगदी जवळ धरा आणि सरळ ओढा. बोटांनी चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका. रॉकेल, फिनेल, तंबाखूचं पाणी अंगाला लावू नका. कातडी भाजते आणि कुत्रा ते चाटतो. आता महिन्यातून एकदा किंवा बारा आठवड्यांतून एकदा द्यायच्या गोळ्या मिळतात, अंगावर सोडायचे थेंब मिळतात. पशुवैद्यकाला विचारून, वजन करून ते द्या. घरात मांजर असेल तर तेही सांगा, कारण कुत्र्याची काही औषधं मांजराला विषारी ठरतात.

मग जागेकडे वळा. भिंतीच्या फटी सिमेंटने बुजवा. गोणपाट जाळून टाका किंवा उकळत्या पाण्यातून काढा. बोचकी भिंतीपासून दूर ठेवा. फवारणी एकदा करून भागत नाही. अंड्यांवर औषध चालत नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने ती पुन्हा करावी लागते. जागा वाळेपर्यंत कुत्रा आणि मुलं लांब ठेवा.

ही गोचीड कधीमधी माणसालाही चावते आणि तिच्यामुळे 'इंडियन टिक टायफस' नावाचा ताप येऊ शकतो. पण म्हणून कुत्र्याला रस्त्यावर सोडून देऊ नका. सोडलेला कुत्रा निघून जाईल, भिंतीतल्या गोचिडी घरातच राहतील.

कामतघरचं ते पिल्लू आता मोठं झालं आहे. गाळ्याच्या भिंतीला कमरेच्या वरपर्यंत गिलावा केला आहे आणि मालक दर रविवारी त्याचे कान तपासतात. आज आपणही आपल्या कुत्र्याचे कान, मान आणि बोटांच्या बेचक्या चाचपून पाहा. आणि ते झालं की, त्याचं अंथरूण उचलून मागची भिंतही पाहा.